ओट्यापाशी मांडलेले स्टूल

मित्रांनो, फलटणहून एक निळे अंतर्देशीय पत्र आले आणि पुष्कळ दिवस त्याला उत्तर गेले नाही. माझ्या आयुष्याची सुरुवात त्याच्या कितीतरी आधीची आहे. पण आठवू लागले की मला पहिल्यांदा ते पत्रच आठवते, कारण ते माझ्याच अंगावर पडून होते. खाली वर्तमानपत्रांची रद्दी, तिच्यावर पत्र, आणि सगळ्यांच्या खाली मी.

मी एक जुने लाकडी स्टूल आहे. स्टुलाने आपली कहाणी सांगावी की नाही, याची मला खात्री नाही. पुस्तकांच्या शेजारी बरीच वर्षे काढली, पण वाचले एकही नाही. फक्त वाचणाऱ्यांचे वजन पेलले. तेव्हा सांगताना काही मागेपुढे झाले तर सांभाळून घ्या.

पत्र होते अक्कांचे. अक्का म्हणजे आमच्या रतनरावांच्या थोरल्या बहीण, आम्रपाली. त्यांना आता ऐकू कमी येते, फोनवर तर निम्मेही कळत नाही, म्हणून त्या पत्रे लिहितात. रतनरावांना पुटपुटत वाचायची सवय असल्यामुळे मजकूर मलाही समजला.

‘चि. रतनला आशीर्वाद आणि जयभीम. माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुण्यात करायचं ठरतंय. नंतर महिनाभर मला वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, शेगडीपुढे उभं राहायचं नाही. तेवढे दिवस तुझ्याकडे राहू का? तुझी पाठ कशी आहे ते मला माहीत आहे. जमत नसेल तर तसं लिही, मी रागावणार नाही. पण काहीतरी लिही. पावसाळ्याच्या आत उरकायचं आहे.’

रतनरावांनी पत्राची घडी घातली, चष्मा काढला आणि पत्र रद्दीवर ठेवून दिले. ‘ये’ लिहायचे तर ते अक्कांना जेवू कसे घालणार? ‘येऊ नकोस’ लिहायचे तर कोणत्या तोंडाने? दोन्ही लिहिता येईना, म्हणून त्यांनी काहीच लिहिले नाही.

आता माझ्याविषयी थोडे. मी कसबा पेठेतल्या एका सुताराच्या हातून घडले. सागाचे चार पाय, मध्ये पाय टेकायला आडवी पट्टी, आणि वर गोल बैठक. तिथून मी कर्वेनगरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात आले. पुस्तके देण्या-घेण्याच्या उंच टेबलामागे माझी जागा होती. रतनराव तेव्हा तरुण होते. माझ्यावर बसून ते पुस्तकांवर तारखेचे शिक्के मारत आणि कुणी पाहत नसले की त्याच पुस्तकाची दोन पाने वाचून घेत. ‘या स्टुलावर बसलं की झोप येत नाही,’ असे ते एकदा शिपायाला म्हणाले होते. माझ्या वाट्याला आलेली स्तुती एवढीच. पण ती मी जपून ठेवली आहे.

पुढे चाकांच्या खुर्च्या आल्या. मला जिन्याखाली ढकलले. एका फुटक्या पृथ्वीगोलाच्या सोबतीने मी तिथे किती काळ काढला ते माहीत नाही. निवृत्तीच्या दिवशी रतनरावांनी दबक्या आवाजात प्राचार्यांकडे मला मागितले. मला घरी घेऊन आले तेव्हा त्यांच्या पत्नी दारातच म्हणाल्या, ‘अहो, लोक निरोपाला घड्याळ आणतात. तुम्ही सरपण आणलंत?’ त्या बाई आता नाहीत. त्या होत्या तोपर्यंत माझ्यावर तुळशीची नव्हे, कोरफडीची कुंडी असायची. त्या गेल्यावर रद्दी साठत गेली.

रतनरावांना मणक्यांचे आणि सांध्यांचे जुने दुखणे आहे. हे दुखणे औषधाने कमी होते, जात नाही. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी ते बराच वेळ नुसते कुशीवर होऊन पडतात. बोटे आखडलेली असतात, त्यामुळे बरणीचे झाकण फिरत नाही. ओट्यापाशी उभे राहिले की थोड्या वेळाने कंबर भरून येते आणि ते एका हाताने ओटा धरून दुसऱ्या हाताने भाजी परततात. यातले ते कुणाला काही सांगत नाहीत. विचारले तर म्हणतात, ‘चाललंय.’

एके दिवशी मात्र त्यांना बरे वाटत होते. पाठ मोकळी होती. त्यांनी अक्कांचे पत्र पुन्हा वाचले आणि मनाशी काही ठरवले असावे, कारण लगेच पडदे काढले. गादी उन्हात टाकली. कुकर चढवला, पडदे भिजवले, डबे उतरवून पुसले, आणि शेवटी फडके घेऊन ओट्याखालचे कपाट पुसायला फरशीवर बसले. त्यानंतर त्यांना उठता येईना.

त्यांनी एक गुडघा वळवून पाहिला, दुसरा पाहिला. वर कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता. मी कोपऱ्यातून पाहत होते. मला हलता आले असते तर मी गेले असते.

दार उघडेच होते. शेजारच्या हुस्नबानूबाई आत आल्या आणि आधी त्यांनी गॅस बंद केला.

‘रतनभाऊ, डाळ शिजवताय की रेल्वे सोडताय?’ मग त्यांचे खाली लक्ष गेले. ‘आणि तुम्ही तिथे काय करताय?’

‘काही नाही, जरा बसलोय.’

‘फडकं धरून?’

रतनरावांनी फडके बाजूला ठेवले. मग हळूच म्हणाले, ‘भाभी, उठता येत नाहीये.’

बाईंनी इकडे तिकडे पाहिले, माझ्यावरची रद्दी एका झटक्यात खाली लोटली आणि मला उचलून त्यांच्यापुढे ठेवले. रतनरावांनी दोन्ही हात माझ्या बैठकीवर टेकले. माझ्या पायांची रबरे झिजलेली होती. मी गुळगुळीत फरशीवर सरकले. मित्रांनो, त्या क्षणी मला फार लाज वाटली. बाईंनी माझ्या पायाला आपला पाय लावून धरला, तेव्हा कुठे ते उठले आणि माझ्यावर बसले. कितीतरी वर्षांनी त्यांचे वजन माझ्यावर आले. पूर्वीपेक्षा ते हलके झाले होते.

बाईंनी पत्राचा सगळा प्रकार ऐकून घेतला.

‘मग उत्तर कधी देणार?’

‘घर नीट आवरलं की.’

‘म्हणजे यंदा नाही.’ त्यांनी भिजलेल्या पडद्यांच्या बादलीकडे पाहिले. ‘मला एक सांगा, तुमच्या लायब्ररीत एवढी कपाटं. ती तुम्ही एका दिवसात पुसून घ्यायचात?’

‘छे! रोज एकच. माझा नियमच होता तसा. सगळी एकदम काढली तर शिपाई दुसऱ्या दिवसापासून रजेवर.’

‘बरं. मग इथला शिपाई कोण?’

 पुढचे दोन दिवस रतनराव अंथरुणातच होते. तिथे पडल्या पडल्या त्यांनी बहुधा त्या प्रश्नाचाच विचार केला, कारण उठल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती ही की हुस्नबानूबाईंच्या यजमानांना बोलावले.

मकसूदभाईंचे कसबा पेठेत फर्निचरचे दुकान आहे. ते करवत घेऊन आले. ग्रंथालयाचे टेबल ओट्यापेक्षा उंच होते, म्हणून माझे पाय थोडे कापायचे ठरले. मी घाबरले नाही असे म्हणणार नाही. करवत लागली तेव्हा मला वाटले, आता मी ना ग्रंथालयाचे राहिले ना कशाचे. त्यांनी ओट्याखालच्या कपाटाची दारेही काढून टाकली, म्हणजे बसल्यावर गुडघे आत जातील. शेवटी माझ्या पायांना नवी, जाड रबरे बसवली.

रतनराव बसून पाहत म्हणाले, ‘बसून पोळ्या लाटायच्या... बरं दिसेल का हो?’

‘ओट्याला पडदा लावून देऊ?’ मकसूदभाईंनी विचारले आणि हत्यारे पिशवीत भरली.

तेव्हापासून मी स्वयंपाकघरात आहे. एक नवीनच पद्धत मी पाहिली. दमल्यावर बसायचे नाही, दमायच्या आधी बसायचे. कणीक आदल्या संध्याकाळी मळून ठेवायची, कारण सकाळी बोटांची मूठ वळत नाही. रोजचे डबे वरच्या फळीवरून कमरेच्या उंचीवर आले. बादली भरायची नाही, तांब्याने पाणी न्यायचे. कपडे पिळायचे नाहीत. नळावर अडकवून निथळू द्यायचे, मग गॅलरीत माझ्यावर बसून एकेक वाळत घालायचा. सोमवारी फक्त न्हाणीघर, मंगळवारी फक्त बाहेरची खोली. मंगळवारी न्हाणीघरात काही दिसले तरी तिकडे पाहायचे नाही, हे त्यांना सर्वांत अवघड गेले. कितीदा तरी फडके हातात घेऊन ते दारापर्यंत जात आणि स्वतःशीच ‘आज नाही’ म्हणत परत येत.

घर चालू लागले. तरी पत्राला उत्तर गेले नाही.

‘आता कशासाठी अडलंय?’ हुस्नबानूबाईंनी विचारले. ‘आकाश बघा. पावसाळ्याच्या आत म्हणाल्यात ना त्या?’

‘एक वाईट दिवस येऊ दे, भाभी. चांगल्या दिवशी कुणालाही जमेल. अक्का इथे असताना पाठ धरली आणि ती डोळ्याला पट्टी बांधून उठली, ओट्याशी वाकली तर? तिचा डोळा जाईल. माझ्या भरवशावर कसं बोलावू?’

बाईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, ‘ठीक आहे. वाईट दिवस आला की मला हाक मारा. मी अक्का होऊन येते. जेवायला घाला मला.’

तो दिवस आला. सकाळपासून हवा कोंदट होती. रतनरावांना उठून बसायला फार वेळ लागला. खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत ते माझ्या आधाराने आले. मला पुढे ठेवायचे, टेकायचे, एक पाऊल टाकायचे, पुन्हा मला पुढे ठेवायचे. माझी रबरे या वेळी सरकली नाहीत. त्यांनी भिंतीवर हळूच बोटे वाजवली. ती बाईंसाठी खूण होती.

हुस्नबानूबाई आल्या त्या डाव्या डोळ्यावरून पदर घट्ट बांधूनच. ‘मला काही दिसत नाही आणि ऐकूही येत नाही,’ असे जाहीर करून त्या दारातल्या खुर्चीवर बसल्या.

कुकरचे झाकण लागेना. रतनरावांनी दोनदा प्रयत्न केला, मग कुकर बाजूला सारला आणि पातेल्यातच मुगाची खिचडी टाकायचे ठरवले. डाळ धुवायला घेतली आणि आखडलेल्या बोटांतून वाटी निसटली. डाळ फरशीभर पसरली.

रतनराव तिच्याकडे पाहत राहिले. त्यांचा हात ओट्याच्या कडेवरून खाली आला. ते वाकणार, असे मला वाटले. माझ्यावरचे त्यांचे वजन पुढे झुकले सुद्धा.

तेवढ्यात खुर्ची वाजली. बाई उठल्या होत्या. ‘राहू द्या हो, मी उचलते पटकन.’ सोंग विसरून नव्हे. अक्का असत्या तर नेमके असेच उठल्या असत्या.

‘नाही!’ रतनराव म्हणाले. त्यांचा एवढा मोठा आवाज मी ग्रंथालयातही कधी ऐकला नव्हता. ‘अक्का, बस. डाळ पडली आहे, पडू दे. संध्याकाळी लांब दांड्याच्या झाडूने लोटेन. नाही जमलं तर उद्या.’

बाई बसल्या.

ते सरळ झाले. दुसरी मूठभर डाळ घेतली. बसल्या बसल्याच खिचडी शिजवली, पापड गॅसवर भाजला, ताट वाढून मधल्या टेबलावर सरकवले. पाणी मात्र बाईंना आपले आपण घ्यायला सांगितले. जेवण उशिरा झाले. भांडी तशीच पडून राहिली. फरशीवर डाळ होतीच. पण घरातले कुणीही वाकले नव्हते.

‘कशी झालीय?’

‘मीठ कमी आहे,’ अक्का झालेल्या बाई म्हणाल्या आणि ताट पुढे केले. ‘वाढा अजून.’

त्या गेल्यावर रतनरावांनी ओट्यावरच पत्र लिहायला घेतले. बोटे नीट वळत नव्हती, म्हणून अक्षर वेडेवाकडे आले. ते पुटपुटत होते, त्यामुळे मला तेही ऐकू आले.

‘ती. अक्का, जयभीम. उशीर झाला. ये. रोज चांगलं जेवण मिळेल असं नाही, काही दिवशी नुसती खिचडी मिळेल. भांडी संध्याकाळपर्यंत पडलेली दिसतील. ती पाहून उठायचं नाही, एवढी एकच अट आहे. डोळ्याची तारीख ठरवून टाक. तुझा रतन.’

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाची कंबर धरत असेल, कुणाची बोटे आखडत असतील. त्यांच्या हातातले काम हिसकावून घेऊ नका. ते काम त्यांना हवे असते. काम होते त्या जागी बसण्याची सोय मात्र करून द्या. फळीवरचा डबा खाली आणून ठेवा. आणि कोपऱ्यात माझ्यासारखे एखादे जुने स्टूल पडलेले असेल, तर त्याच्यावरची रद्दी काढून एकदा त्याचे पाय तपासा. झिजलेली रबरे बदलायला फार काही लागत नाही. आम्ही अजून पुष्कळ वर्षे उभे राहू शकतो.

दोन दिवसांनी रतनरावांची पाठ जरा सैल झाली. हुस्नबानूबाई म्हणाल्या, ‘द्या, मी टाकते पेटीत.’ ते म्हणाले, ‘हे मीच टाकणार.’ मला गॅलरीत कपड्यांजवळ ठेवून ते जिना उतरले. गजांतून मला समोरचा रस्ता दिसत होता. औषधांच्या दुकानापाशी लाल पेटी आहे. अर्ध्या वाटेवर, दमण्याच्या आधीच, ते एका कट्ट्यावर बसले. मग उठले आणि पेटीपर्यंत गेले. पत्र आत सोडले. ते खाली पडले की फटीतच अडकले, याची त्यांना खात्री वाटेना, म्हणून त्यांनी दोन बोटे आत घालून चाचपले. बोटांना काही लागले नाही. पत्र गेले होते.