माझ्या हाताचे बाण

सासूबाईंचे बाण मी करवतीने कापले. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, भरदिवसा, दार सताड उघडं ठेवून. नंतर घरात सगळे असं बोलायला लागले, जणू मी लपूनछपून कुणाचा गळा कापला होता. म्हणून हे आधीच सांगून टाकते.

कापायला कारण होतं. खांद्याने दगा दिल्यावर सासूबाईंनी आपलं धनुष्य मला दिलं. माणसाच्या उंचीचं, एकाच लाकडातून तासलेलं, नेम धरायला त्यावर कसलंही उपकरण नाही. मुठीपाशी चामड्याची पट्टी, तीही त्यांच्या घामाने काळी झालेली. अर्थात दिलं ते अर्धवटच. आमच्या तिरंदाजी क्लबच्या मैदानावर रीत अशी की जुनं धनुष्य हात बदलतं तेव्हा नव्या माणसाने सगळ्यांसमोर लांबच्या रेषेवर उभं राहायचं आणि धनुष्यासोबत आलेल्याच बाणांनी मारून दाखवायचं. निम्म्याहून जास्त बाण गवताच्या चकतीत रुतले, तर धनुष्य त्याचं. नाहीतर ते क्लबच्या काचेच्या कपाटात जातं. कपाटाची किल्ली माझ्या धाकट्या दिरांकडे, कारण भाऊजी क्लबचे सेक्रेटरी. त्यांनी कपाटातली जागा आधीच पुसून ठेवली होती.

मला ते कपाटात जाऊ द्यायचं नव्हतं. या वयात माझ्या वाट्याला एक अशी वस्तू आली होती, जिने ना काही ढवळता येत होतं, ना पुसता, ना वाळत घालता. ती मी सुखासुखी सोडणार नव्हते.

अडचण एकच. माझे बाण डावीकडे जात होते. सगळेच्या सगळे.

"वहिनी, दोरी सोडताना तुमची बोटं झटका देतात," भाऊजी म्हणाले.

"झटका देत असती तर बाण चहूकडे उडाले असते. हे बघा ना, कसे शेजारी शेजारी गप्पा मारत बसलेत."

"मग थोडा उजवीकडे नेम धरा. हाय काय अन् नाय काय!"

"जिथे मारायचंच नाही, तिथे मी का बघू?"

भाऊजी हसले. काचेचं कपाट असलेल्या माणसाचं हसू.

सासूबाई ताडमाड, हात गुडघ्याला टेकतील असे. मी खांद्यालाही पुरत नाही त्यांच्या. मी दोरी पूर्ण ओढली तरी त्यांच्या बाणाचं टोक धनुष्याच्या पुढे चांगलं वीतभर राहायचं. मला वाटलं, दोष तिथेच आहे. बाह्या लांब झाल्या की आपण आखूड करतो, तसे बाण करावेत. केले. टोकं पुन्हा बसवली, मैदानावर गेले, मारले. बाण आणखी डावीकडे गेले. शेवटचा तर शेजारच्या माणसाच्या चकतीत जाऊन बसला. त्याने तो काढून मला नम्रपणे आणून दिला, हे सगळ्यात वाईट.

घरी सासूबाई कापलेले तुकडे मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

"नाहीच म्हणाले असते."

त्यानंतर त्या माझ्याशी फक्त मिठापुरतं बोलायच्या. म्हणजे, "मीठ दे" एवढंच.

त्यातलाच एक तुकडा हातात घेऊन मी चाळा करत बसले होते. तो वाकेना. न कापलेला एक बाण उरला होता, तो वाकवला तर थोडा वाकला. तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाण धनुष्याच्या डाव्या कुशीला टेकलेला असतो आणि दोरी मात्र त्याला ढकलते मधोमध. म्हणजे मूठ त्याच्या वाटेत येते. सुटता सुटता त्याला मासोळीसारखं लचकावं लागतं, मुठीला वळसा घालून मग सरळ व्हावं लागतं. सासूबाईंच्या लांबलचक ओढीत तेवढा जोर होता, त्यांचे जाड बाण त्या लचकवत होत्या. माझ्या आखूड ओढीला ते दाद देत नव्हते. ताठच्या ताठ निघायचे, मुठीवर घासायचे आणि डावीकडे फेकले जायचे. आणि मी काय केलं, तर ते कापून आणखी ताठ केले! मूर्खपणा, पण पद्धतशीर.

म्हणजे मला हवे होते बारीक आणि लांब बाण. गरजेपेक्षाही लांब.

सुतारी सामानाच्या दुकानात गोल काड्या मिळतात. मी एकेक काडी काउंटरवर घरंगळवून पाहिली, एक डोळा मिटून तिच्या टोकापासून टोकापर्यंत नजर फिरवली. लाकडाची रेष मध्येच बाहेर पळाली की काडी बाजूला. गाठ दिसली की बाजूला. दुकानदार बघत होता.

"ताई, पडद्यालाच लावायच्यात ना?"

"नाही."

"मग इतकी पारख कशासाठी? काडीच आहे, कलिंगड नाही."

"कलिंगड कच्चं निघालं तर परत आणून देता येतं. हिला मी परत आणायला जाणार नाही, इतकी लांब सोडणार आहे."

घरी दोन खुर्च्यांच्या पाठींवर काडी आडवी ठेवली, मधोमध किलोचं वजन टांगलं आणि ती किती झुकते त्याची पेन्सिलीने भिंतीवर खूण केली. मग दुसरी, मग तिसरी. सारख्या झुकणाऱ्या काड्या एका बाजूला.

"अगं, भिंत आत्ताच रंगवलीये," नवरा म्हणाला.

"अहो, म्हणूनच खुणा स्पष्ट दिसतात."

तो बिचारा वजन धरून उभा राहिला. मला त्याचं हे आवडतं. कुरकुरतो, पण धरून ठेवतो.

पहिल्यांदा मारून पाहिले ते पिसं न लावता. पिसं बाणाची चूक पोटात घालतात. नागडी काडी मात्र तोंडावर खरं बोलते. पहिली अजून डावीकडेच गेली. मी टोक जड लावलं, म्हणजे सुटताना काडी जास्त वाकते. पुढची सरळ गेली. मैदानावर तेव्हा मी एकटीच होते, तरी मी मोठ्याने "बघा!" म्हणाले.

रविवारी सगळे जमले. सासूबाई पहिल्या रांगेत, खुर्चीवर. मी बाण काढले आणि हशा पिकला. सासूबाईंच्या बाणांहूनही ते वीतभर लांब होते.

"मासे पकडायला निघालात का, वहिनी?" असं विचारता विचारता भाऊजींचा चेहरा एकदम सेक्रेटरीचा झाला. "हे या धनुष्याचे बाण नाहीत."

"नाहीत. माझे आहेत."

"रीत काय आहे? जुन्या धनुष्याने त्याचेच बाण मारायचे. नाहीतर कपाट."

"भाऊजी, बाण धनुष्याचा नसतो. धनुष्य ओढणाऱ्याचा असतो. आईंच्या हाताचे बाण माझ्या हाताला का लावू?"

"तो वाद नंतर. आधी धनुष्य इकडे द्या."

"या, घ्या." मी बाण दोरीवर चढवला. "फक्त मागून या. पुढून येऊ नका, मी ओढतेय."

भाऊजी आले नाहीत. ना पुढून, ना मागून.

मी सोडला. चकतीत. दुसरा त्याच्या खाली. तिसरा चकतीबाहेर मातीत गेला, कारण मी मध्येच सासूबाईंकडे पाहिलं. मग पाहिलं नाही. पुढचे सगळे आत बसले. शेवटचा तेवढा उरला, तोच सासूबाई उठून रेषेपाशी आल्या आणि त्यांनी हात पुढे केला. मी तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोन्ही टोकं धरून तो वाकवून पाहिला.

"केवढा मऊ! माझ्या हातून सुटला असता तर फुटला असता."

"तुमच्या हातून सुटायचाच नाहीये तो."

त्यांनी बाण काखेत धरला. मग भाऊजींकडे वळल्या. "तुझ्या कपाटात दुसरं काहीतरी ठेव."

"आई, पण रीत..."

"रीत मोडली तिने. मी पाहिलंय, आंधळी नाही." मग बाण मला परत करत म्हणाल्या, "आणि माझे कापलेस, ते मी विसरणार नाहीये."

"नका विसरू."

"समितीपुढे ठेवावं लागेल हे," भाऊजी म्हणाले.

"ठेवा. समितीला सांगा, दर रविवारी मी याच रेषेवर सापडेन."

मी शेवटचा बाण मारला, तोही आत. मग बाण उपसायला निघाले. वाटेत दोघातिघांनी "द्या, तेवढं धरतो" म्हणून हात पुढे केले. धनुष्य मी कुणाकडेच दिलं नाही.