कोनाड्यातला करीनचा कप

विनायकशास्त्र्यांच्या पडवीत, चपला काढण्याच्या जागेवर, भिंतीत एक कोनाडा होता. त्यात चिनी मातीचे तीन कप पालथे घातलेले असत. सौंसरच्या मिशन बंगल्यातले पाद्री हॉल्म मराठी आणि थोडेफार संस्कृत शिकण्यासाठी सहकुटुंब येऊ लागले, तेव्हा शास्त्रीबुवांच्या पत्नी सरलाबाईंनी हे कप बाजारातून मागवले होते. घरातली पितळी भांडी परधर्मीयांच्या ओठांना लागू नयेत, एवढाच त्यांचा हेतू. चहा कपाला न शिवता वरून ओतावा, पाहुण्यांनी तो पिऊन अंगणातल्या दगडावर आपापला कप विसळावा आणि परत कोनाड्यात ठेवावा, असा शिरस्ता कोणी काही न बोलता पडून गेला. ते गेले की सरलाबाई त्या जागी पाणी शिंपडीत. शास्त्रीबुवा ते पाहत आणि पोथीचे पान उलटीत. सर्व भूतांच्या ठायी एकच चैतन्य वसते, हे त्याच पोथीतून ते पाद्र्यांना समजावून सांगत.

अशी सहा वर्षे गेली. एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या फाल्गुनात हॉल्म कुटुंब रजेवर स्वदेशी, स्वीडनला, निघाले. रजा एका वर्षाची होती. परंतु पुन्हा येण्याचा परवाना मिळेल की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पांढुर्ण्याहून संध्याकाळची गाडी होती. पाद्री सामान बांधण्यात गुंतले होते, म्हणून त्यांच्या पत्नी मार्थाबाई आठ वर्षांच्या करीनला घेऊन दुपारीच निरोपाला आल्या.

पडवीत भाऊराव बसले होते. सावरगावला त्यांची संत्र्यांची बाग. सौंसरला काही काम निघाले की ते शास्त्रीबुवांकडे टेकत.

"या मडम!" भाऊराव म्हणाले. "चालल्या म्हणता खरंच? आता गोटमारीच्या दगडफेकीत आमच्या लोकायची फुटलेली टाळकी कोण बांधीन?"

मार्थाबाई परिचारिका होत्या. त्यांची मराठी शास्त्रीबुवांच्या तालमीतली. "मस्तक न फोडताही सण साजरा करता येतो, भाऊराव," त्या हसून म्हणाल्या.

करीन मात्र हसली नाही. ती खांबाला टेकून उभी होती, डोळे सुजलेले.

"काय झालं गं?" सरलाबाईंनी दारातून विचारले.

"तिथं माहं काहीच नाही, आजी," करीन म्हणाली. गावातल्या मुलींबरोबर वाढल्यामुळे ती त्यांच्यासारखीच बोले. "घर माहीत नाही, तिथल्या आजीले मी पाह्यलं नाही. पण मम्मी म्हणते, देव तिथंही कप ठेवीन."

"कप?" शास्त्रीबुवांनी विचारले.

करीनने कोनाड्यातून निळ्या फुलाचा कप काढला. "हा माहा. आजीनं आमच्यासाठी अलग ठेवला. घरचे याच्यात पेत नाहीत, दुसरे पाहुणे आले तरी त्यायले देत नाहीत. फक्त आमचा. मम्मी म्हणते, ज्या देवानं इथं अनोळखी घरात आपला कप ठेवला, तो तिथंही ठेवीनच. म्हणून मी नाही रडून राहिली."

असे म्हणता म्हणता तिला रडू फुटले.

भाऊरावांनी मांडीवर थाप मारली. "अगे पोरी! तो कप काऊन अलग ठेवला, माहीत हाय का तुले? तो तं—"

"भाऊराव!"

शास्त्रीबुवांचा एवढा चढलेला आवाज त्या घराने कधी ऐकला नव्हता. "विहिरीवरून जरा पाणी आणा."

भाऊरावांनी सर्वांच्या तोंडांकडे पाहिले आणि कळशी उचलली.

शास्त्रीबुवांचा चेहरा काळवंडला होता. मार्थाबाईंजवळ जाऊन ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, त्या कपांविषयी मला आपल्याला काही सांगायचे आहे."

"मला ठाऊक आहे, गुरुजी. पहिल्याच आठवड्यात कळले. फाटकातून मागे वळून पाहिले, तेव्हा आजी पाणी शिंपडत होत्या."

"आणि तरीही आपण येत राहिलात?"

"त्या दिवशी मला फार राग आला होता. पुढे करीनने विचारले, आपले कप वेगळे का? रागाने उत्तर देऊ नये, म्हणून मी प्रार्थना केली. मग हेच उत्तर सुचले. आज ते तिच्यापासून काढून घेऊ नका. त्याच्याच बळावर ती गाडीत बसणार आहे."

सत्य बोलून टाकले असते तर शास्त्रीबुवांचे मन हलके झाले असते. परंतु दोष त्यांचा, आणि त्याचे प्रायश्चित्त त्या बालिकेच्या श्रद्धेला भोगावे लागले असते. तेवढाही सुटकेचा मार्ग त्यांना उरला नव्हता.

सरलाबाईंनी सारे ऐकले होते. त्यांनी चहा आणला, नेहमीसारखा वरून ओतला. करीनने चहा प्यायला, दगडावर जाऊन कप विसळला आणि कोनाड्यात ठेवला. मग तिथेच घुटमळत म्हणाली, "आजोबा, मी येईपर्यंत हा कोणाले देऊ नका."

"नाही देणार."

"पण मंग तो रिकामाच राहीन?"

शास्त्रीबुवा उठले. कोनाड्यातला कप घेऊन त्यांनी सरलाबाईंपुढे धरला. "यात मला चहा घाल."

"नाही!" करीन मध्ये येऊन उभी राहिली. "याच्यात दुसरं कोणी पेत नाही!"

जिला सहा वर्षे त्यांनी उंबरठ्याबाहेर ठेवले होते, ती आज त्यांना अडवीत होती. शास्त्रीबुवा तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"कप तुझाच आहे, बाळ. तू परवानगी दिलीस, तर मी रोज सकाळी यातून चहा घेईन. म्हणजे तो रिकामा राहणार नाही."

करीनने कपाच्या काठावर बोट ठेवले. "धुऊन ठेवसान? आपल्या हातानं?"

"माझ्याच हाताने."

"बाहेरच्या दगडावर?"

"तिथेच."

"मंग पेजा."

सरलाबाई पुढे आल्या. या वेळी किटलीची चोच कपाच्या काठाला टेकली. पाण्याची कळशी घेऊन आलेले भाऊराव पायरीवरच थबकले. शास्त्रीबुवांनी कप ओठांना लावला आणि सगळा चहा संपवला.

मायलेकी निघाल्या. फाटकातून करीनने वळून हात हलवला. सवयीने सरलाबाईंच्या हाती पाण्याचा तांब्या आला होता. तो तसाच धरून त्या उभ्या राहिल्या. एक थेंबही खाली पडला नाही.

शास्त्रीबुवा कप घेऊन अंगणात गेले आणि दगडापाशी उकिडवे बसले. त्या जागी ते आजवर कधी बसले नव्हते. मान वर केली, तो उघड्या दारातून थेट स्वयंपाकघर दिसले: फळीवर ओळीने मांडलेले, चिंचेने घासून लखलखीत केलेले पितळी पेले. करीन रोज इथूनच ते पाहत असणार.

त्यांनी मान खाली घातली आणि स्वच्छ झालेला कप पुन्हा विसळला.