बिनफोडणीचं वरण

मला आपलं सगळं कळलं पाहिजे. गणपत, माझा नवरा, म्हणतो, "सत्यवती, दुसऱ्याच्या ताटात बघल्याशिवाय तुझ्या गळ्यातसून घास उतरणा नाय." म्हणू दे. तारकर्लीत घरामागे दोन खोल्या बांधून पाव्हण्यांना द्यायला लागले, तेव्हापासून लोकांकडे बघणं हा माझा धंदाच झालाय. कोण भांडून आलंय, कोण सासूला न सांगता आलंय, मला पहिल्या चहालाच कळतं.

पण २००४ च्या मे महिन्यात नगरहून आलेला स्वरूप मला काही केल्या कळेना. छापखान्यात कामाला होता. सोबत बायको संचिता आणि पाच वर्षांची रिया. दोन रात्रींसाठी आले होते. पोरगी दिवसभर समुद्रात, आणि आईबाप तिच्या मागे "रिया, पुढे जाऊ नको" करत. पहिल्या दिवशी तिघांनी बांगड्याचं तिखलं असं ओरपलं की मीच खूश झाले.

निघायच्या सकाळी पोरीच्या अंगात ताप आणि पोटावर पाण्याचे फोड. माझी सासू कृष्णाबाई दारातूनच बघून म्हणाली, "देवी इली गो बाये." कांजिण्या! मालवणच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि बजावलं, खपल्या धरेपर्यंत पोरीला हलवू नका, एवढ्या लांबच्या एसटीत तर मुळीच नाही.

झालं. मुक्काम लांबला.

त्याच दुपारी स्वरूप विहिरीपाशी माझ्याजवळ आला. "वहिनी, माशांच्या जेवणाचे किती घेता? आणि साध्याचे?"

मी दोन्ही सांगितले. त्यानं मान हलवली आणि गेला. मला वाटलं, सहज विचारलं असेल.

आता आमच्याकडे घरात कांजिण्या आल्या की मासे बंद. चुलीवर तेल तापत नाही, फोडणी पडत नाही. वरण, भात, पेज, उकडलेला भोपळा. खपल्या पडून पोरीला आंघोळ घालेपर्यंत सगळ्या घराला तेच. आणि त्या दिवसांतलं जेवण आम्ही विकत नाही, सासूनं कधी विकू दिलं नसतं. खोलीचं भाडं मात्र मी लावणार होते. का नाही लावणार? मी काय धर्मशाळा उघडलीय? कोल्हापूरची मोठी पार्टी यायची होती, तिला फोन करून येऊ नका सांगितलं, तेव्हा माझ्या जिवाचं पाणी झालं होतं. मे महिना गेला की आमचं वर्ष गेलं. गणपत होडीवरून यायचा आणि वाट्याचे मासे शेजारच्या शेवंतीकडे टाकून हात हलवत घरी. "होडयेत मासो आणि पानात डाळ," असं पुटपुटायचा, पण जेवायचा.

हे सगळं मी स्वरूपला सांगितलं का? नाही. घरात देवी आल्यावर मासे बंद, हे कुणाला सांगायचं असतं का? ते सगळ्या जगाला ठाऊक असतं असंच मी धरून चालले. संचिताला तर पोरीच्या उशाशी जेवणाचं भानच नव्हतं.

मला कोडं पडलं ते वेगळंच. जेवायची वेळ झाली की स्वरूप उठून समुद्राकडे चालू लागायचा. "भूक नाही, तुम्ही संचिताला वाढा." रोज तेच.

मी सासूला विचारलं, "हो माणूस जेवच्या वक्ताक जाता तरी खंय?"

"जाऊ दे गो. बाप आसा. पोराच्या काळजीन भूक मरता."

मरते, पण रोज? मी एकदा नारळाच्या झावळ्या ओढायच्या निमित्तानं मागोमाग गेलेसुद्धा. वाळूवर नुसता बसला होता, पाण्याकडे तोंड करून. बाई नाही, बाटली नाही, काही नाही. माझी पार निराशा झाली!

मग एका सकाळी संचिता रडत माझ्याकडे आली. "वहिनी, हे म्हणतात आज निघायचं. शिवाच्या रिक्षाला सांगून आलेत."

"आणि पोर? अजून अंग तापता तिचा!"

"मी सांगून थकले. तुम्ही तरी सांगा ना."

माझं डोकंच फिरलं. खपल्या धरल्या नाहीत, उन्हात एसटीत बसवून हा पोरीला मारणार की काय? मी पदर खोचून खोलीकडे निघाले, तर हा माणूस समुद्राकडून येताना दिसला. हातात भलीमोठी इसवण, म्हणजे तुमची सुरमई! शेपटी जमिनीला टेकत होती. ताठ मानेनं थेट माझ्या स्वयंपाकघराच्या पायरीशी आला.

"वहिनी, ही घ्या. आज सगळ्यांना करून घाला. तुमच्या घरच्यांनाही."

आतून सासू किंचाळली, "भायर! भायर ठेव ता! मेल्या, घरात देवी आसताना मासो हाडलंस?"

स्वरूप जागच्या जागी थिजला. "काय झालं?"

"काय झालं विचारतोस?" मी तोंड सोडलं. "पोरीच्या अंगावर देवी, आणि तू सुरमई घेऊन उंबऱ्यात?"

तो लालबुंद झाला. "मी दर विचारले, त्याच रात्रीपासून तुम्ही आम्हाला साधं वाढायला लागलात. मला कळलं ते. माझ्याकडे काही उरलं नसेल असं वाटलं तुम्हाला. नसेल उरलं, एसटीपुरते ठेवून होते ते या माशाला घातले. पण आम्ही फुकट खाणारी माणसं नाही!"

मी खोचलेला पदर सोडला. असं माझ्या बाबतीत सहसा होत नाही.

गणपत पडवीतून उठला. त्यानं सुरमई स्वरूपच्या हातातून काढून घेतली आणि शेवंतीच्या कुंपणावरून पलीकडे दिली. मग म्हणाला, "अरे बाबा, पोरीसाठी बंद केल्ले आसत मासे. सगळ्यांचेच."

"सगळ्यांचे? तुम्ही मग काय खाता?"

"तुमका वाढतव तांच."

"इतके दिवस? तुमची तर स्वतःची होडी आहे."

"होडयेक देवी येणा नाय, घरात येता," सासू आतून म्हणाली.

"आणि या जेवणाचे मी पैसे घेणार नव्हते," मी एकदाची बोलले. "विकत नाहीत ते. भाडं घेणार, ते सोडणार नाही. तेही नगरला पोचून पाठव. पण पोरीला आज हलवलंस तर माझ्याशी गाठ आहे."

शिवाची रिक्षा दारात येऊन वाजली, तेव्हा बाहेर जाऊन स्वरूपनंच तिला परत पाठवलं. संचिता खोलीच्या दारात तोंडाला पदर लावून उभी होती.

दुपारी तो आमच्या स्वयंपाकघरात आला आणि गणपतच्या शेजारी जमिनीवर बसला. मी भात वाढला, वर बिनफोडणीचं वरण. त्यानं ते खाल्लं. मी पुन्हा वाढलं, तेही संपलं. तिसऱ्यांदा त्यानं मान वर न करता ताट पुढे केलं.

"वहिनी, अजून थोडा भात."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. हा माणूस भूक नाही म्हणून उठत नव्हता. माझं प्रत्येक ताट मनात मोजून, त्याचे पैसे वाचवायला उपाशी राहत होता. आणि मी, सगळं कळणारी बाई, त्याच्या मागे वाळूत जाऊन बाटली शोधत होते.

मी भाताचं अख्खं भांडं त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि डोळे पुसायला चुलीकडे वळले.