दोनशे तेरावं पान

“नव्या सुनेला काय विचारायचं? तिच्या पाटल्या मोडून घातल्या की दहा हजार पुरे होतात.”

हे वाक्य माझ्या पुढ्यात बोललं गेलं आणि माझ्या पाठीमागे ऐकलं गेलं. मधे मी होतो. मी लालबागच्या एका वाचनालयातला संदर्भग्रंथ बोलतोय. बँका, ठेवी, व्याज, कंपन्या हा माझा विषय. नाव इतकं लांबलचक, की ग्रंथपाल चिंतामणी मास्तरसुद्धा मला ‘लाल पुस्तक’च म्हणायचे. अंगावर शिक्का होता, ‘घरी नेण्यास मनाई’. त्यामुळे मी जग पाहिलं नाही. पण जगाला आमच्याकडे येऊन बोलायची सवय होती.

माझ्या कपाटापुढे पेपर वाचायचं लांब टेबल, ते पुरुषांचं. कपाटामागे एक बाक, ते बायकांचं. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच तो कुणी मोडत नसे. त्या बुधवारी बाकावर गुणवंती बसली होती. गिरगावातून लग्न होऊन आलेली, लग्नाला पाच महिने झालेले. टेबलाशी होते तिचे सासरे शामराव आणि कोकणातल्या त्यांच्या गावचा गंगाधर. पाटल्यांचं वाक्य गंगाधरचं. शामराव त्यावर काही बोलले नाहीत, हे तिला जास्त लागलं असावं. तिनं मासिकाचं पान उलटलंच नाही.

गिरण्यांच्या संपाला दहावा महिना लागला होता. टेबलाशी एकेका पेपरची पानं चौघांत वाटली जायची आणि चौघेही एकच बातमी शोधायचे, संप मिटल्याची. ती नसायची. अशा माणसांत गंगाधर इस्त्रीचा शर्ट घालून यायचा. ‘शुभधारा ठेव कंपनी’त दहा हजार ठेवा, वर्षात दामदुप्पट, म्हणायचा.

“आणि बुडाली तर रे, झिला?” शामरावांनी विचारलं. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, तीस वर्षं उभा राहिलेला माणूस. बँकेत साडेसहा हजार ठेव, तेवढीच शिल्लक.

“मामा, बुडेल कशी? हा बघा रजिस्टर नंबर. सरकारचा नंबर!”

पावतीवरच्या त्या नंबरावरून टेबलाशी बसलेल्या सगळ्यांची बोटं फिरली. मी त्यांना हसणार नाही. ज्यांची हजेरी तिकीट नंबरावर लागली, पगार तिकीट नंबरावर निघाला, त्यांना नंबर म्हणजे दिलेला शब्दच वाटणार. रविवारी सकाळी याच टेबलावर फॉर्म भरायचं ठरलं.

ते गेल्यावर गुणवंती मास्तरांसमोर येऊन उभी राहिली. “रजिस्टर नंबर म्हणजे नक्की काय, ते कशात मिळेल?”

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. हा प्रश्न टेबलाकडून कधी आला नव्हता. त्यांनी मला काढलं, धूळ झटकली. “आधी मागची सूची बघायची. मग पान.”

सूचीत तिला सापडलं: ‘ठेवी, बिगर-बँक कंपन्यांच्या: २१३’. तिनं पानं उलटली. दोनशे बारा. दोनशे पंधरा.

मधलं पान नव्हतं. बँकेच्या परीक्षेला बसलेल्या एका मुलानं ते दोन वर्षांपूर्वी ब्लेडनं कापून नेलं होतं. तेव्हा मला दुखलं नाही. त्या बुधवारी दुखलं. एवढ्या चारशे पानांत तिला हवं ते एकच होतं, आणि तेच माझ्याकडे नव्हतं.

“दादरच्या ग्रंथालयात याची दुसरी प्रत आहे,” मास्तर म्हणाले, आणि चिठ्ठी लिहून दिली. “पण हे पुस्तक आठ वर्षांपूर्वीचं आहे. नंतर काय बदललं ते कात्रणांच्या फायलीत बघावं लागेल. एकाच पुस्तकावर विश्वास टाकायचा नाही, मग ते लाल का असेना.”

मला जरा राग आला. पण बोलणं खरं होतं.

गुरुवारी तिनं कात्रणं चाळली. शुक्रवारी माझ्या शेवटी दिलेली बँकांची यादी पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत बोट ठेवून वाचली, तीत शुभधारा नव्हती. शनिवारी घरी रॉकेलच्या रांगेचं सांगून ती दादरला चालत गेली, बसचे पैसे वाचवून. परत आली तेव्हा मास्तर कुलूप शोधत होते. वहीच्या दोन्ही बाजूंनी तिनं सगळं पान उतरवून आणलं होतं, तळटिपेसकट.

“मिळालं?”

“हो. कंपनी कुणालाही नोंदवता येते. बँक काढायला मात्र रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो. बँक बुडाली तर ठेवीला ठरावीक रकमेपर्यंत विमा असतो. कंपनीतल्या ठेवीला तसलं काहीच नाही.”

“म्हणजे नंबर हे नुसतं बारसं,” मास्तर म्हणाले. “पोर पुढे कसं निघेल याची हमी नव्हे.” मग त्यांनी खळीची वाटी पुढे केली. “घरी कागद फाटेल, हरवेल. याच्यातच चिकटव.”

अशी माझी जखम भरली, निळ्या शाईनं.

रविवारी टेबल गच्च भरलं. सहा जणांचे फॉर्म झाले. सातवे शामराव. पुढ्यात पासबुक, हातात पेन. आदल्या रात्री घरी पाटल्यांचा विषय निघाला होता, हे मला तिच्या हातांवरून कळलं. पाटल्या अजून हातातच होत्या आणि ती त्या सारख्या मनगटावर मागे सारत होती. तिनं मला उचललं, छातीशी धरलं आणि कपाटाला वळसा घालून पुढच्या बाजूला आली. या बाजूला मी बाई आलेली प्रथमच पाहत होतो.

“वहिनी, इथं पुरुषांचं काम चाललंय,” गंगाधर हसला. “आणि हे काय, रामायण आणलंत?”

टेबल हसलं. मास्तरांनी ‘शांतता राखा’ या पाटीकडे पाहिलं, मग मान खाली घालून रजिस्टरात काहीतरी लिहू लागले. काहीही लिहीत नव्हते.

“काय गो?” शामरावांनी पेन न ठेवता येण्याचं कारण विचारलं. “कित्याक इलंस?”

तिनं मला टेबलावर ठेवून दोनशे तेरावं पान उघडलं. तोंडही उघडलं, पण आवाज येईना.

इथं मी जरा थांबतो, कारण माझंही आता फार उरलेलं नाही. गिरण्यांच्या जागी टॉवर आले. मास्तर गेले. माझे व्याजदर, याद्या सगळं शिळं झालं म्हणून मला रद्दीच्या यादीत घातलंय, आणि ते योग्यच आहे. शुभधारेच्या दाराला त्यानंतर आठ महिन्यांत कुलूप लागलं. त्या सहा जणांचे पैसे कुणाला परत मिळाल्याचं या टेबलावर कधी ऐकलं नाही. मागच्या महिन्यात पिकल्या केसांची एक बाई आली, मला मागून घेतलं आणि थेट दोनशे तेरावं पान काढलं. निळी शाई फिकी झाली होती. तिच्या हातातल्या पाटल्या मात्र फिक्या झाल्या नव्हत्या.

वाचकहो, मला खुशाल रद्दीत घाला. फक्त कुठल्याही पुस्तकाचं पान कापू नका. ते कुणाला कुठल्या रविवारी लागेल, सांगता येत नाही. आणि माझं ते एक पान, जमलं तर, सोडवून ठेवा.

कारण त्या रविवारी आवाज फुटेना, तेव्हा तिनं आपल्याच अक्षरावर बोट ठेवलं. मग शांततेच्या पाटीखाली उभं राहून, शेवटच्या खुर्चीलाही ऐकू जाईल असं बोलली:

“मामंजी, रजिस्टर नंबर तर आपल्या मिललासुद्धा आहे. दहा महिन्यांत त्या नंबरावर आपली चूल एकदा तरी पेटली का?”