अंबादासचे पुठ्ठे

"आता खुशाल आपटू दे की, एक हलायचा न्हाय," म्हणत नरसय्यानं शेवटची गाठ मारली आणि उरलेला दोरा दातानं तोडला.

त्याचा मुलगा अंबादास अंघोळ करून आला, तो दारातच थांबला. त्याचा कॉम्प्युटरचा प्रोग्राम, म्हणजे भोकं पाडलेल्या पातळ पुठ्ठ्यांची चळत, सुटीच असायला हवी होती. मशीन एकेक पुठ्ठा ओढून घेतं आणि त्याची भोकं वाचतं. आता पुठ्ठ्यांच्या चारी कोपऱ्यांना नवी भोकं होती आणि सगळ्यांची मिळून एक लांबलचक माळ झाली होती.

नरसय्याचा दोष काढणं अवघड. चादरीच्या कारखान्यात त्यानं जन्मभर हेच केलं होतं. जेकार्ड मागावर चादरीतला मोर पुठ्ठ्यांच्या भोकांतून उतरतो, आणि पुठ्ठे क्रमानं ओवलेले नसले तर मोराची मान शेपटीला लागते. मुलगा गणितात पीएचडी, आणि पुठ्ठे सुटे घेऊन पुण्याला निघालेला. बापाला झोप कशी लागावी?

"हे कधी केलं, नायना?" त्यानं बापाला विचारलं.

"पहाटं. तू झोपला हुतास. म्हटलं, कुर्डुवाडीला गाडी लई हिसके देतीय. सांडले म्हंजे?"

अंबादासनं माळेची घडी करून ती खोक्यात ठेवली. मग म्हणाला, "बरं झालं."

विद्यापीठात पीएचडीनंतर संशोधन करायची एक जागा निघाली होती. समितीसमोर आपला प्रोग्राम चालवून दाखवायचा होता. "शिकून संपलं, तर आता शिकायला पगार देत्यात? मग आदी फी कशाला घेतली?" या नरसय्याच्या प्रश्नाला विद्यापीठाकडे अजून उत्तर नाही. पण अंबादासला ती जागा हवीच होती. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती. मग जन्मभर रात्रशाळेत बीजगणित शिकवायचं.

गाडीत त्यानं ब्लेडनं दोरे कापले. दोरे निघाले, भोकं राहिली.

पुण्यात मशीननं पहिलाच पुठ्ठा ओढला आणि लाल दिवा लावून स्वस्थ बसलं. सगळे पुठ्ठे नव्यानं करायला आठवडा लागला असता. समितीला जेवायच्या आत आटपायचं होतं.

"ही भोकं कोणी पाडली?" अध्यक्षांनी विचारलं.

"मीच, सर. वाटेत सांडू नयेत म्हणून."

"पीएचडी झालंय ना तुमचं?"

"हो, सर."

सोलापूर स्टेशनवर नरसय्या धुतलेली टोपी घालून उभा होता.

"चाललं?"

"चाललं."

"एक बी हलला न्हाय?"

"नाही."

"मग जागा?"

"ती आधीच ठरली होती, नायना. कुणाच्या तरी भाच्याला."

नरसय्यानं पुण्यातल्या तमाम भाच्यांना तेलुगूत एक शिवी दिली. दोघं पुलापर्यंत आले. मग तो हळूच म्हणाला, "दोरा रेशमी घ्यायला पायजे हुता. साहेब लोक बगत्यात की."

"दोरा चांगला होता."

"व्हय?" त्यानं हात पुढे केले. "दे ते खोकं. दमला असशील."

अंबादासनं खोकं द्यायला जरा वेळ लावला.

नरसय्या ते छातीशी आडवं धरून पुढे चालू लागला. टांगा आला की कडेला उभा राहायचा, खड्डा आला की पाऊल चाचपून टाकायचा. मागून अंबादास रिकाम्या हातांनी चालत होता.