एका वेळी एकच त्रुटी

मृत्यू दाखल्यांच्या खिडकीत बावीस वर्षं बसलेल्या बाईने लोकप्रशासनात एम. ए. करायला घेतलं की लोकांना हसू येतं. नवरा म्हणाला, "आता घरातही चहासाठी अर्ज द्यावा लागणार का?" वर्गातली पोरं पहिल्या दिवशी मला बघून उभीच राहिली, त्यांना वाटलं, प्राध्यापक आल्या. मग मी सगळ्यांची मावशी झाले. हसेनात का! लग्नाच्या गडबडीत ही पदवी राहून गेली होती आणि ते मला इतकी वर्षं सलत होतं.

दोन वर्षं निभावली. उरला प्रबंध. विषय मी हट्टाने घेतला: एका दाखल्यासाठी माणसाला किती खेपा घालाव्या लागतात? लोक सूचना न वाचता अर्ज भरतात आणि खापर आमच्या माथी फोडतात, हे मला एकदाचं सिद्ध करायचं होतं. दोनशे जुन्या फायली काढल्या. सरासरी तीन खेपा निघाल्या. मी खुशीत मॅडमना तक्ता दाखवला. त्या माझ्या मार्गदर्शक, वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांनी एवढंच विचारलं, "तिसऱ्या खेपेला दाखवलेली चूक पहिल्या दिवशी अर्जात नव्हती का?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन फायली पुन्हा उघडल्या. होती. सगळ्या चुका पहिल्याच दिवशी होत्या. 'अर्जदाराची सही नाही.' आठ दिवसांनी, 'रुग्णालयाचा कागद नाही.' मग, 'पत्ता अपुरा.' तिन्ही शेरे एकाच अर्जावर, आणि अक्षर माझं.

ही रीत मला हेडक्लार्कसाहेबांनी शिकवली. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी रडकुंडीला आले होते, तेव्हा ते शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "पहिली त्रुटी सापडली की शेरा मार आणि अर्ज परत कर. पुढचं वाचत बसलीस तर रांग दारापर्यंत जाईल." चांगल्या मनानेच सांगितलं होतं. रांग खरंच भराभर हलायची. तीच माणसं फिरून रांगेत येतात, हे आम्हा दोघांच्याही कधी डोक्यात आलं नाही.

एका फायलीत चार तारखा होत्या. ते आजोबा मला आठवले. बायकोचा दाखला हवा होता. दर खेपेला "बरं बाई" म्हणून कागद घडी करून खिशात ठेवायचे. त्या दिवशी मला डबा गेला नाही.

चौथं प्रकरण मी जसं होतं तसं लिहिलं. टाइप करताना मुलगी थांबली. "आई, हे वाचून साहेब सही करतील?"

तिचं खरं होतं. ऑफिसची माहिती वापरली म्हणून प्रबंधावर त्याच हेडक्लार्कसाहेबांची सही हवीच होती. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत सहीचा प्रबंध विद्यापीठात पोचला नाही, तर पदवीवर पाणी. आणि साहेब दोन महिन्यांनी निवृत्त होणार; त्यांना जाता जाता दुखवणं माझ्या जिवावर आलं होतं.

मंगळवारी प्रबंध साहेबांकडे दिला. बुधवारी परत आला: 'पानांना क्रमांक नाहीत.' घातले. गुरुवारी परत: 'मुखपृष्ठावर तारीख नाही.' घातली. शुक्रवारी सकाळी: 'अनुक्रमणिकेत चौथ्या प्रकरणाचं पान चुकलं आहे.'

माझं डोकंच फिरलं. सूड उगवतायत, दुसरं काय! तशीच त्यांच्या टेबलापाशी गेले.

"साहेब, राग आला असेल तर तोंडावर बोला. पण काय चुका आहेत त्या सगळ्या एकदम सांगा. असे हेलपाटे का घालायला लावता?"

साहेब गोंधळले. "राग कसला? मी अजून अनुक्रमणिकेपर्यंतच आलोय."

म्हणाले आणि स्वतःच आपल्या त्या तीन शेऱ्यांकडे बघू लागले. मग त्यांनी प्रबंध माझ्या हातातून घेतला, समोरच्या खुर्चीकडे बोट केलं आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. फोन वाजला, उचलला नाही. जेवणाची सुट्टी होऊन गेली. चौथ्या प्रकरणात ते चष्मा काढून बराच वेळ खिडकीबाहेरच्या रांगेकडे बघत बसले. मला त्यांची फार दया आली, आणि भीतीही वाटली.

तीन वाजता त्यांनी प्रबंध माझ्यापुढे सरकवला. शेवटच्या पानावर सही होती. सोबत चिठ्ठी, त्यात पाच त्रुटी ओळीने लिहिलेल्या. चार किरकोळ होत्या. पाचवी अशी:

'पान ६३. दोष एकट्या खिडकीवरच्या लिपिकाचा दाखवला आहे. तिला ही पद्धत शिकवणाऱ्याचा उल्लेख नाही. माझं पद स्पष्ट लिहावं.'

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनी आपलं पेन माझ्या हातात दिलं.

"इथंच बसून दुरुस्त कर," ते म्हणाले, "तोवर तुझ्या खिडकीत मी बसतो."