ड्रायव्हरच्या दारावरची हळद

लढाई संपली, पण जोतिबाच्या घरातली काही संपेना. मुलगा हंबीरराव मिलिटरीत ड्रायव्हर. सिंगापुरात जपान्यांच्या कैदेत सापडल्यापासून त्याची खबर नव्हती. आता सुटलेल्या कैद्यांच्या बोटी यायला लागल्या होत्या. विट्याचा एकजण परतला, तेव्हा जोतिबा विट्याला जाऊन त्याला भेटला. त्या माणसानं हंबीररावला पाहिलंही होतं. पण ते कैदेच्या सुरुवातीला. पुढचं त्याला ठाऊक नव्हतं आणि जोतिबानं विचारलंही नाही. तो तडक सांगलीला गेला आणि गुंडा पेंटरला घेऊन गावी आला.

"पोरगं यायच्या आत टॅक्सी तयार पायजे," असं तो भेटेल त्याला सांगे, तेही इतक्या मोठ्यानं, की ऐकणाऱ्यालाच शंका यावी.

हंबीररावची फोर्ड गोठ्याशेजारच्या छपरात विटांवर उभी होती. लढाईआधी ती महाबळेश्वरला साहेबलोकांना फिरवायची. आता रंगाला फोड आले होते, खाली गंज धरला होता. गुंडानं बादलीत कॉस्टिक सोडा आणि चुना कालवला. हा लेप थापायचा, रंग सुरकुतला की पत्र्यानं खरवडायचा आणि भरपूर पाण्यानं धुवायचं. काम सरळ होतं. अडचण होती ती ड्रायव्हरच्या दाराला, आतल्या बाजूनं.

तिथं शालूबाईचा, हंबीररावच्या बायकोचा, हळदीचा पंजा होता. गाडी घरी आली त्या दिवशी पूजा करून तिनं तो उठवला होता. बाहेर महाबळेश्वरचा पाऊस टिकू देणार नाही म्हणून आत. आणि पुसू नये म्हणून हंबीररावनं हौसेनं वर वार्निश मारलं होतं.

"आबा, ह्यो बी काढाय लागंल. आत गंज हाय," गुंडा म्हणाला.

"बाकीचं काय बी काढ. त्याला धक्का लागला तर गाठ माझ्याशी हाय!"

मग जोतिबा त्याच्या पाठीशीच उभा राहिला. "जपून रं, जपून," असं इतक्यांदा म्हणाला, की गुंडानं वरच्या कडेला लेप जरा जास्तच थापला. शालूबाई आडावरून घागरी आणून ठेवत होती. ती कधी नवऱ्याचं नाव काढत नसे, रडत नसे. तिनं आशा सोडली, असं गाव म्हणायचं. जोतिबाचा याच कारणावरून तिच्यावर राग होता.

तेवढ्यात दाराच्या वरच्या कडेवरून लेपाचा एक ओघळ सुटला आणि पंजाकडे निघाला.

"आरं, आरं!" जोतिबानं झडप घातली, हाताला लागलं ते फडकं उचललं आणि ओघळ पुसता पुसता पंजावरूनही फिरवलं.

"आवं आबा, त्ये फडकं सोड्याचं हाय!"

उशीर झाला होता. वार्निश सुटलं. पिवळी बोटं बघता बघता लालभडक झाली आणि दारावरून खाली वाहायला लागली.

"रगात," जोतिबा पुटपुटला. "रगात आलं. गेला माझा हंबीर." हात भाजत होते, त्याचीही त्याला शुद्ध नव्हती. तो शेणातच बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. विट्याहून आल्यापासून हीच भीती तो ओरडून ओरडून दाबत होता.

शालूबाईनं आधी घागर त्याच्या हातांवर रिकामी केली. मग दाराकडे पाहिलं.

"मामंजी, रगात न्हवं त्ये. हळदीला चुना लागला की लालच हुती. लांबनं आल्याल्या मानसाला ववाळाय आरतीचं पानी आमी आसंच करतो न्हवं का?"

"पर पंजा गेला गं पोरी."

"जाऊ द्या. हात हाय की माझा."

तिनं दुसरी घागर दारावर ओतली. लाल पाणी घराच्या उंबऱ्याकडे वाहत गेलं आणि खालचा पत्रा उघडा पडला.

"दादा, गंज नीट काढा," ती गुंडाला म्हणाली. "ते आलं की परत उठवायचाय."

ते आलं की. घरात हे शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच आले होते. रिकामी घागर तिनं पोटाशी घट्ट धरली होती, तरी घागर हलत होती. जोतिबानं ते पाहिलं. आपल्याएवढीच भीती हिलाही आहे, आणि ही ती एकटीनं सोसत आली, हे त्याला तेव्हा कळलं.

तो उठला. भाजलेल्या हातांनी फडकं उचलायला गेला, तर गुंडानं ते काढून घेतलं.

"गुंडा," जोतिबा म्हणाला, आणि त्याच्याशी आज पहिल्यांदाच हळू आवाजात, "रंग लवकर वाळंल न्हवं रं?"